क्रोशाच्या बिनबोटांच्या हातमोज्यांची जोडी जुळत नाहीये? उसवायच्या आधी हे बघा

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमची अडचण हीच आहे का ते कळेल. पहिला हातमोजा मस्त झाला, घालून फोटोपण काढला, मग दुसरा अगदी तसाच केला आणि शेजारी ठेवून बघितला तर बोटभर लहान. किंवा मोठा. किंवा माप बरोबर आहे पण मनगटाशी रुंद आणि बोटांकडे निमुळता, भाकरीच्या उलथन्यासारखा. किंवा अंगठ्याचं भोक एका हातात जागेवर आणि दुसऱ्यात तळव्याकडे सरकलेलं. किंवा विणून झाला तेव्हा जोडी जुळत होती आणि पहिल्या धुण्यातच एक लांबला. यातलं काहीही होत असेल तर पुढचं तुमच्यासाठीच आहे.

मी साताऱ्यात राहते. दिवाळी झाली की सकाळी स्कूटीवरून क्लासला जाणाऱ्या मुली, अजिंक्यताऱ्यावर फिरायला जाणाऱ्या काकू, पहाटे दूध घालायला निघणारे दादा, सगळ्यांना बोटं मोकळी राहतील असे हातमोजे हवे असतात, कारण ब्रेक दाबायचा असतो, फोन बघायचा असतो, सुट्टे पैसे मोजायचे असतात. मी स्वतः विणतेच, पण दुसऱ्यांनी विणलेले आणि बिघडलेले हातमोजे माझ्याकडे जास्त येतात, आणि त्यात सगळ्यात जास्त वेळा हाच एक बिघाड असतो, जोडी जुळत नाही. आल्या आल्या सगळ्या म्हणतात की आता उसवूनच टाकते. माझं म्हणणं एवढंच आहे की उसवू नका. तो चुकलेला मोजाच तुम्हाला सांगणार आहे काय चुकलं ते, तो उसवला की पुरावा गेला, आणि तिसरा मोजा परत तसाच होणार.

सगळ्यात सोपं आणि फुकटचं आधी. दोन्ही मोजे टेबलावर किंवा फरशीवर सपाट ठेवा, हाताने जरा सारखे करा आणि रात्रभर तसेच राहू द्या. नुकताच विणलेला मोजा तुमच्या मुठीत दाबून दाबून चुरगळलेला असतो आणि आधीचा चार दिवस घालून सैलावलेला असतो, त्यामुळे लगेच केलेली तुलना खोटी ठरते. दर हिवाळ्यात एक-दोन जोड्या तरी नुसत्या रात्रभर ठेवून जुळतात. आणि घालून बघायचं असेल तर दोन्ही मोजे एकाच हातात घालून बघा. आपला कामाचा हात बहुतेकांचा दुसऱ्यापेक्षा थोडा भरलेला असतो, त्यामुळे उजवा घट्ट वाटला म्हणजे मोजाच लहान झाला असं नाही.

सकाळीही फरक तसाच असेल तर टेप घ्या आणि दोन सेफ्टी पिना. आता जे सांगते ते या सगळ्यातलं महत्त्वाचं आहे, बाकीचं विसरलात तरी चालेल. पहिल्या मोज्याच्या मधोमध, कडेपासून लांब, एका ओळीत १० टाके मोजा आणि त्यांच्या दोन्ही टोकांना पिना लावा. दोन पिनांमधलं अंतर मोजून लिहून ठेवा. दुसऱ्या मोज्यावर तसंच करा. अंतर दोन्हीकडे सारखं आलं तर तुमचा हात, हूक, लोकर सगळं ठीक आहे, चूक टाक्यांच्या किंवा ओळींच्या संख्येत आहे. अंतर वेगळं आलं तर संख्या बरोबर असूनही जोडी जुळणार नाही, मग चूक हाताची, हूकची नाहीतर लोकरीची. एवढं एक माप घेतलं की निम्म्या शंका मिटतात आणि नको तिथे शोधत बसायला लागत नाही.

गेल्या जानेवारीत शेजारच्या काकू पिशवी घेऊन आल्या, पिशवीत दोन मोजे, एक त्यांच्या मापाचा आणि एक त्यांच्या नातीला येईल असा. म्हणाल्या, "अगं माझा हातच बसला नाही गं अजून, टीव्ही बघत विणते ना." आम्ही खिडकीत उजेडाला बसलो, पिना लावल्या, टेप लावली, तर दोन्हीकडे १० टाके साडेपाच सेंटीमीटर. म्हणजे काकूंचा हात एकदम व्यवस्थित होता. मग एकेक ओळ मोजली. पहिली ओळ ३२, पाचवी ३१, दहावी ३०, आणि वर बोटांपाशी २७. टाके कुठे गेले? ओळीच्या शेवटी. तिथे काय होतं ते नीट बघा, कारण हे अगदी जवळून बघितल्याशिवाय कळत नाही. मुक्या खांबाची, म्हणजे क्रोशातल्या सगळ्यात बुटक्या खांबाची, ओळ संपवून काम उलटं वळवलं की आधीच्या ओळीचा अगदी पहिला टाका आता शेवटी येतो, आणि तो सरळ उभा नसतो, वळताना घातलेल्या साखळीने तो मागच्या बाजूला ओढलेला असतो. त्याची वरची वेणी, ती दोन धाग्यांची, बाकीच्या टाक्यांसारखी आपल्याकडे बघत नाही, कडेला आडवी पडून असते. डोळ्याला वाटतं ओळ संपली. नखाने कड जरा आपल्याकडे कलवली की ती वेणी दिसते. काकूंना तो टाका दाखवला तर त्यांनी चष्मा वर करून परत बघितला, मग स्वतःच्या नखाने अजून चार ओळींतले शोधून काढले. त्यावर उपाय अगदी साधा, प्रत्येक ओळीच्या पहिल्या टाक्यात विणल्या विणल्या पिन किंवा वेगळ्या रंगाचा दोरा अडकवायचा, परत येताना त्या पिनेतच शेवटचा टाका घालायचा.

उलटी चूकपण तेवढीच होते, म्हणजे टाके वाढत जातात. त्याचं कारण वळतानाची साखळी. मुक्या खांबाला १ साखळी घालतो ती टाका म्हणून मोजत नाहीत. पूर्ण खांबाला ३ साखळ्या घालतो त्या बहुतेक नमुन्यांत एक खांब म्हणून मोजतात. अर्ध्या खांबाच्या २ साखळ्यांचं मात्र ज्याचं त्याचं वेगळं असतं, कुणी मोजतं कुणी नाही. तुम्ही पहिला मोजा करताना त्या मोजल्या आणि दुसऱ्याला नाही मोजल्या तर प्रत्येक ओळीत फरक पडत जाणार. गोल विणणाऱ्यांचं हेच फेरी जोडतानाच्या मुक्या टाक्यात होतं, तो जोडाचा टाका चुकून टाका समजून त्यात परत खांब घातला जातो, दर फेरीला एक वाढतो आणि मनगटाशी झालर सुटल्यासारखं दिसतं.

आडवा विणलेला मोजा असेल, म्हणजे मागच्या कडीत (टाक्याच्या वरच्या वेणीतल्या मागच्या धाग्यात) मुके खांब घालून रिबसारख्या पट्ट्या काढल्या असतील, तर तिथे गोलाई टाक्यांवर नाही, ओळींवर ठरते. ओळी मोजणं कंटाळवाणं काम आहे पण त्याला सोपी युक्ती आहे, जी उंच घडी दिसते ना ती दोन ओळींची असते. घड्या मोजा. एकात १८ आणि दुसऱ्यात १७ असेल तर लागलीच कळलं, एक घडी वाढवून परत शिवा, पूर्ण उसवायची गरज नाही.

इथपर्यंत एक पैसा खर्च नाही आणि आलेल्यांपैकी बहुतेक जणींचं काम इथेच होतं. इथेच अजून एक गोष्ट बघून घ्या, तुम्ही पहिला मोजा एका व्हिडिओवरून आणि दुसरा दुसऱ्याच व्हिडिओवरून केलाय का. अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्यालाच ब्रिटनमध्ये डबल क्रोशे म्हणतात, आणि अमेरिकेचा डबल म्हणजे ब्रिटनचा ट्रेबल. आपला मुका खांब अमेरिकेच्या भाषेत सिंगल. नाव एकच, टाका वेगळा, उंचीत फरक पडणारच. माझ्या भाचीने एक मोजा असा दुप्पट उंच केला होता आणि आठवडाभर स्वतःला दोष देत होती, तिची काही चूक नव्हती. म्हणून मी सगळ्यांना सांगते, नाव ऐकू नका, हूकवर धागा किती वेळा घेतला आणि कितीदा ओढून काढला ते बघा.

आता पिनांचं अंतर वेगळं आलं असेल तर. पहिलं हूक बघा. तोच हूक होता का? ४ मिमीचा एक हरवला म्हणून दुसरा घेतला, त्यावरपण ४ च लिहिलंय, तरी मानेचा आकार वेगळा असला की टाका वेगळा पडतो. काही हूकांचं डोकं दांड्याच्या सरळ रेषेत असतं आणि काहींची मान निमुळती होत जाते, निमुळत्या मानेवर कडी आवळली की टाका लहान होतो. जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या हूकवरचा आकडा तर पुसूनच जातो, मी प्रत्येक हूकच्या मागे नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवलाय, लाल म्हणजे ४, गुलाबी म्हणजे साडेतीन. जोडी पूर्ण होईपर्यंत हूक बदलायचा नाही आणि कुणाला द्यायचा नाही.

हूक तोच असेल तर हात. हा विषय मोठा आहे आणि मला यावर जरा सविस्तर बोलायचंय, कारण लोकांना वाटतं हात म्हणजे नशीब, तसं नाहीये. मुक्या खांबात हूक टाक्यात घालून धागा बाहेर ओढला की जी पहिली कडी वर येते, तिची उंची म्हणजेच तुमच्या टाक्याची उंची. ती कडी कुणी ओढून वर घेतं, कुणी खाली दाबून ठेवतं. दमलेलं असलं, थंडीने बोटं आखडलेली असली, एसटीत खिडकीशी बसून विणलं, की ती कडी बदलते. आपल्याकडे ज्या बायका लहानपणी आईकडून बारीक दोऱ्याची तोरणं आणि रुमाल शिकल्या त्यांचा हात हमखास घट्ट असतो, दोऱ्याला घट्टच लागतं, ती सवय लोकरीवर तशीच येते. आणि पहिला मोजा करताना नमुना नवीन असतो म्हणून आपण सावकाश आणि घट्ट विणतो, दुसऱ्यापर्यंत हात सुटलेला असतो, म्हणून बहुतेक वेळा दुसरा मोठा होतो. किती मोठा ते हिशोबाने बघा. तळव्याचा घेर १९ सेंमी आहे, मोजा जरा चिकटून बसावा म्हणून तो १८ च्या आसपास हवा. १० सेंमीत १८ टाके बसत असतील तर ३२ टाक्यांचा मोजा पावणेअठराच्या जरा वर येतो, बरोबर. तुमचा हात सैल पडून १० सेंमीत १६ च बसले तर तेच ३२ टाके २० सेंमी. दोन टाक्यांचा फरक दिसायलाही येत नाही आणि मोजा हातातून निसटतो.

उपाय दोन. एक, दुसरा मोजा अर्धा मिमी लहान हूकने परत सुरू करा, आणि पिनांचं माप पाचव्या ओळीलाच घ्या, शेवटी नाही. दोन, मला हाच जास्त आवडतो, दोन्ही मोजे बरोबर चालवा. दोन गुंडे घ्या किंवा एकाच गुंड्याची आतली आणि बाहेरची अशी दोन्ही टोकं, १० ओळी याच्या, १० ओळी त्याच्या, एकाच बैठकीत. हात बदलला तरी दोन्हीकडे सारखाच बदलतो. शिवाय एक झाल्यावर दुसऱ्याचा कंटाळा येतो तोही येत नाही.

सुरुवातीची साखळी हा याचाच एक तुकडा आहे. मनगट आवळतंय आणि वर सगळं बरोबर आहे, तर मूळ साखळी घट्ट झालीये. साखळी तेवढी एक नंबर मोठ्या हूकने घाला आणि मग नेहमीच्या हूकवर या. एवढंच.

हातही बरोबर, तर लोकर. लेबल आहे का बघा, दोन्ही गुंड्यांवर डाय लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा, नंबर एकच आहे का. वेगळ्या लॉटमध्ये रंगाची छटा तर बदलतेच, पण माझ्या हाताला जाडीतपण कधी कधी फरक लागलाय, काळी आणि गडद निळी लोकर हमखास वेगळी वागते. बाजारातून सुटी लच्छी घेतली असेल, लेबलच नसेल, तर पट्टीवर २ सेंमीच्या जागेत लोकर शेजारी शेजारी न ताणता गुंडाळा आणि किती वेढे बसले ते मोजा, दुसऱ्या गुंड्याचं तसंच करा. वेढे वेगळे आले तर ती जोडी त्या दोन गुंड्यांत होणारच नाही. आणि लच्छीचा गुंडा करताना घट्ट करू नका हो. खुर्चीच्या पाठीवर लच्छी टाकून ओढून ओढून गुंडाळली की लोकर ताणून बसते, विणून झाल्यावर हळूहळू आपल्या मूळ लांबीवर येते आणि मोजा आक्रसतो. गुंडाळताना तीन-चार बोटं गुंड्याखाली ठेवायची, अधूनमधून बोटं काढून जागा बदलायची, गुंडा मऊ राहतो.

म्हसवडकडच्या एका ताईंनी मला एकदा घोंगडीचं उरलेलं सूत दिलं होतं, आपल्या दख्खनी मेंढीचं, हाताने कातलेलं. घोंगडी विणताना ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, ती त्या सुतात होती. विणताना कडक आणि सरळ, धुतल्यावर खळ गेली आणि मोजा एकदम वेगळ्या मापाचा झाला. ते सूत आधी धुवून, सावलीत वाळवून मगच हातात घ्यायचं हे मी त्या दिवसापासून पाळते. चरचरीत लागतं अंगाला, आतून मऊ सुती कापडाची पट्टी लावली तर पहाटेच्या थंडीत त्याच्याइतकं ऊबदार दुसरं काही नाही.

अंगठा सरकतो त्याचं कारण वेगळं आहे. काम न वळवता गोल गोल मुके खांब घातले की उजव्या हाताने विणणाऱ्याचे टाके जरा उजवीकडे कलत जातात, डावखुऱ्याचे डावीकडे. वीस-पंचवीस फेऱ्यांत जोड बराच सरकतो, आणि तुम्ही जोडापासून मोजून अंगठ्याची जागा ठरवली असेल तर ती चुकणार. दोन्ही मोज्यांत भोक एकाच अंतरावर ठेवलं तर एका हाताला चालतं आणि दुसऱ्याला नाही. एकतर दर फेरीला काम वळवा, म्हणजे तिरपेपणा जातो, नाहीतर अंगठ्याशी आल्यावर मोजा हातात घालून जिथे अंगठा येतो तिथेच पिन लावा. भोकाच्या दोन्ही कोपऱ्यांत जी फट राहते तिथे एकेक जादा टाका उचला आणि पुढच्या फेरीत तो शेजारच्याबरोबर एकत्र करून कमी करा, फट बंद होते.

सगळ्यात अवघड शेवटी, धुतल्यावर बिघडलेली जोडी. आधी लोकर कसली आहे ते कळायला हवं. माहीत नसेल तर वीतभर धागा चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघा, लहान मुलं लांब ठेवून. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास. अ‍ॅक्रिलिकचा मोजा नुसता लांबला असेल तर गार पाण्यात बुडवा, न पिळता टॉवेलमध्ये दाबा, मापात सारखा करून सपाट वाळवा. दोरीवर टांगू नका, मुरलेल्या पाण्याचं वजन त्याला खाली ओढतं, सुती मोज्याचं तर फार. आणि अ‍ॅक्रिलिकवर इस्त्री टेकवू नका. उष्णतेने त्याचा जीव जातो, रिब सपाट होते आणि परत कधी आवळत नाही, यावर माझ्याकडे उपाय नाही.

आता कुठे थांबायचं ते. खऱ्या लोकरीचा मोजा गरम पाण्यात किंवा मशीनमध्ये जाऊन आटला आणि टाके वेगळे दिसेनासे झाले, नमद्यासारखा झाला, तर तिथे थांबा. लोकरीच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकलेले असतात, ते सुटत नाहीत, कंडिशनर लावा नाहीतर व्हिनेगर लावा. जोडीला दुसरा नवाच करावा लागेल. कुणाची आठवण असलेला मोजा असेल, आजीने केलेला, आईचा, आणि त्याला कसर लागली असेल किंवा धागा मधूनच तुटला असेल, तर स्वतः ओढाताण न करता रफू करणाऱ्याकडे न्या. आणि नेताना आधी विचारा की विणलेल्या कपड्याचा रफू करता का, कारण शालीचा आणि कोटाचा रफू वेगळा आणि टाक्यांचा वेगळा. धागा ओघळायला लागला असेल तर तोपर्यंत मोकळ्या कडीत सेफ्टी पिन घालून ठेवा.

आणि चार वेळा करूनही जोडी जुळत नसेल, माप दर वेळी वेगळंच येत असेल, तर जरा स्वतःच्या हाताकडे बघा. अंगठा, पहिलं बोट आणि मधलं बोट रात्री बधिर होतं का, मुंग्या येतात का, हूक हातातून सुटतो का. तसं असेल तर तो हात बदलण्याचा प्रश्न नाही, मनगटात नस दबलेली असू शकते, आणि त्याला नमुना बदलून किंवा जाड मुठीचा हूक घेऊन भागत नाही. विणणं थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, लवकर दाखवा. एका मावशींनी दोन हिवाळे अंगावर काढले, थंडीने होतंय म्हणत. त्यांचे अर्धवट मोजे माझ्याकडेच आहेत, हूक त्याच टाक्यात अडकवून ठेवलाय, बऱ्या झाल्या की तिथूनच पुढे करायचे म्हणाल्यात.